यंत्रनिर्मित आणि हस्तलिखित : दोन संगणकांच्या संभाषणाची परीक्षा

सरकारी कामकाजात 'चाचणी यशस्वी' या दोन शब्दांना मोठे वजन असते. या शब्दांच्या आधारे देयके अदा होतात, प्रकल्पाचा पुढचा टप्पा मंजूर होतो आणि पुष्कळदा उद्घाटनाची तारीखही ठरते. दोन खात्यांच्या संगणकप्रणालींनी एकमेकींना प्रश्न विचारले, उत्तरे आली, पडद्यावर हिरवी खूण उमटली, की चाचणी संपली असे मानले जाते. त्या क्षणी नेमकी कशाची परीक्षा झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दोन्ही प्रणाली एका लिखित नियमाचे पालन करतात हे सिद्ध झाले, की दोन्हींच्या मुळाशी एकच अवजार आहे एवढेच सिद्ध झाले? हा भेद वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात सरकारी खरेदीचे स्वातंत्र्य आणि नागरिकाच्या नोंदीची अचूकता या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास २००० ते २००४ या काळातील 'वेब सर्व्हिस'च्या जडणघडणीत सापडतो. तो येथे थोडक्यात मांडत आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. वेब सर्व्हिस म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला महाजालावरून विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर. हे संभाषण माणसाने वाचावयाचे पान नसते. ते ठरावीक साच्यातील मजकुराच्या रूपाने होते. हा साचा ज्या भाषेत बांधला गेला ती एक्सएमएल ही भाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. त्यावर आधारलेला 'सोप' हा संदेशाचा लिफाफा. त्याची १.१ ही आवृत्ती मे २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदी कंपन्यांनी या संस्थेकडे सादर केली. पाठोपाठ मार्च २००१ मध्ये 'डब्ल्यूएसडीएल' १.१ आली. सोप हा लिफाफा मानला, तर डब्ल्यूएसडीएल हा अर्जाचा छापील नमुना होय: कोणते प्रश्न विचारता येतील, कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती भरावी, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, हे सर्व त्यात नमूद असते. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. हे दोन्ही दस्तऐवज त्या वेळी केवळ 'टिपण' या दर्जाचे होते. विधिवत छाननी होऊन संमत झालेली ती मानके नव्हती. सोपची १.२ ही आवृत्ती शिफारस म्हणून जून २००३ मध्ये आली. तोवर उद्योगजगत टिपणांवरच इमारती उभारून मोकळे झाले होते.

असा नमुना हाती आल्यावर त्याप्रमाणे बोलणारी आज्ञावली दोन प्रकारे तयार करता येते. पहिला प्रकार हस्तलिखित: प्रोग्रामर दस्तऐवज वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि संदेश बांधणारी व उलगडणारी आज्ञावली स्वतः लिहितो. दुसरा प्रकार यंत्रनिर्मित: डब्ल्यूएसडीएलचा नमुना एका अवजाराला दिला, की ते क्षणार्धात शेकडो ओळींची आज्ञावली काढून देते. अशा अवजाराला कोड जनरेटर म्हणतात. ही कल्पना नवी नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सचे 'आरपीसीजेन' हे अवजार १९८०च्या दशकातच असे काम करीत होते, आणि १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या 'कोर्बा' या मानकाचा सारा डोलारा याच तत्त्वावर उभा होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यामागील युक्तिवाद बिनतोड आहे. हजारो लोकांनी तेच कंटाळवाणे काम पुनःपुन्हा हाताने करण्यापेक्षा एकदाच खर्च करून अवजार घडवावे. श्रम वाचतात आणि हाताच्या चुका टळतात.

आता चाचण्यांकडे वळू. २००१च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांतील, विद्यापीठांतील आणि स्वतंत्रपणे काम करणारे विकासक 'सोपबिल्डर्स' या नावाने एकत्र आले. उद्देश साधा होता: प्रत्येकाने आपली सोप-प्रणाली महाजालावर उघडी ठेवावी आणि इतरांनी तिच्याशी बोलून पाहावे. चाचण्या तर बाळबोध म्हणाव्यात इतक्या सोप्या होत्या. 'एकोस्ट्रिंग' या चाचणीत एक शब्द पाठवायचा आणि तोच परत आला की नाही हे पाहायचे. 'एकोइंटिजर'मध्ये पूर्णांक, 'एकोफ्लोट'मध्ये अपूर्णांक, 'एकोस्ट्रक्ट'मध्ये शब्द, पूर्णांक आणि अपूर्णांक यांचा एक छोटा संच. दरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी ऐकावा, इतकेच. तरीही आरंभी हे प्रतिध्वनी नीट उमटत नव्हते.

कारणे पाहण्यासारखी आहेत. 'अपाचे सोप' या जावातील प्रणालीला येणाऱ्या प्रत्येक मूल्यासोबत 'हा पूर्णांक आहे', 'हा शब्द आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली हवी असे, कारण तिच्यापाशी डब्ल्यूएसडीएलचा नमुना वाचण्याची सोय नव्हती. मायक्रोसॉफ्टचा सोप टूलकिट ती चिठ्ठी पाठवीतच नसे. नमुन्यात प्रकार लिहिलेला असताना तो संदेशात पुन्हा कशाला, असा त्याचा हिशेब. मानकाच्या मजकुराप्रमाणे पाहिले तर दोघांनाही आपली बाजू मांडता येत होती. दुसरी अडचण आवृत्तींची. माहितीचे प्रकार ठरवणारी एक्सएमएल स्कीमा मे २००१ मध्ये पक्की झाली. पण त्याआधीच्या १९९९ आणि २००० सालच्या मसुद्यांवर बांधलेल्या प्रणाली वापरात होत्या, आणि तिन्हींचे नामनिर्देश निरनिराळे होते. एकाच शासकीय नमुन्याच्या तीन सालांतील छापील प्रती तीन कार्यालयांत चालू असाव्यात, तसा हा प्रकार होता.

हे सारे गोंधळ उघडकीस आले, याचे कारण चाचणीत भाग घेणाऱ्या प्रणाली वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या भाषांत लिहिल्या होत्या. पर्लमधील 'सोप लाइट', सी आणि सी प्लस प्लससाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातून आलेली 'जी-सोप', जावातील 'अपाचे सोप' आणि तिच्या नंतरची 'एक्सिस', मायक्रोसॉफ्टचे 'डॉट नेट' यांच्या कर्त्यांनी तोच मजकूर वाचून आपापला अर्थ लावला होता. जेथे अर्थ जुळले नाहीत तेथे दोष वाचणाऱ्यांचा असेलही, परंतु बहुधा मजकूरच संदिग्ध होता.

चाचण्यांची पुढील फेरी डब्ल्यूएसडीएलवर आली, आणि परीक्षेचे स्वरूपच बदलले. आता केवळ शब्द परत येतो का एवढे पाहायचे नव्हते. समोरच्याचा नमुना आपल्या अवजाराला वाचता येतो का, त्यातून चालणारी आज्ञावली निघते का, हे पाहायचे होते. येथे दोन भूमिका संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी, की सामान्य विकासक जनरेटरच वापरणार. मग तज्ज्ञाने हाताने घडवलेला संदेश बरोबर पोचला म्हणून सामान्य वापरकर्त्याचे काम होईल असे कसे म्हणावे? म्हणून परीक्षा यंत्रनिर्मित आज्ञावलीचीच हवी. दुसरी भूमिका अशी, की जनरेटरने काढलेली आज्ञावली यशस्वी झाली तर त्या जनरेटरची परीक्षा होते, मानकाची नव्हे. ज्याच्यापाशी ते अवजार नाही, त्याला केवळ दस्तऐवज वाचून या संभाषणात सामील होता येते का, हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या भूमिकेचे मर्म समजण्यासाठी तीन उदाहरणे पुरेत. पहिले 'रॅप्ड' या रचनेचे. संदेशातील सर्व रकाने एका बाह्य आवरणात घालायचे आणि त्या आवरणाला सेवेच्या क्रियेचेच नाव द्यायचे, अशी ही पद्धत. डब्ल्यूएसडीएल १.१च्या मजकुरात तिचा उल्लेखच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अवजारांनी ती वापरली, इतरांनी नावांवरून अंदाज बांधून ती ओळखायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता ती सर्वमान्य झाली. आपल्या कार्यालयांतील भाषेत सांगायचे तर नियमपुस्तिकेत नसलेला प्रघात नियमाहून बलवत्तर ठरला. ज्याने केवळ नियमपुस्तिका वाचली, तो मात्र कोड्यात पडला.

दुसरे उदाहरण 'डेटासेट'चे. डॉट नेटमध्ये संपूर्ण तक्ताच्या तक्ता उत्तरादाखल परत पाठवण्याची सोय होती. दोन्ही टोकांना डॉट नेट असले की ती उत्तम चाले, आणि चाचणी पहिल्याच झटक्यात यशस्वी होई. पण यंत्राने काढलेल्या नमुन्यात त्या तक्त्याचे वर्णन जवळपास 'येथे काहीही येऊ शकते' असे असे. जावातील विकासकाला त्यातून कोणते रकाने अपेक्षित आहेत हे समजणे अशक्य होते. नमुना होता, तो नियमानुसार होता, आणि तरीही त्यातून करार काय हे उमगत नव्हते.

तिसरे उदाहरण प्रशासनाच्या अधिक जवळचे आहे. नमुन्यात एखादा रकाना ऐच्छिक असेल, आणि तो संख्या किंवा तारीख यांसारख्या प्रकारचा असेल, तर डॉट नेटचे जनरेटर त्या रकान्यासोबत आणखी एक हो-नाहीचे खूणचिन्ह निर्माण करीत असे. मूल्य भरले, पण खूणचिन्ह 'हो' केले नाही, तर ते मूल्य संदेशात जातच नसे. सूचना नाही, तक्रार नाही. विकासकाला वाटे जन्मतारीख पाठवली; समोरच्याला ती कधी मिळालीच नाही. आता ही जन्मतारीख निवृत्तिवेतनाच्या प्रकरणातील आहे अशी कल्पना करून पाहावी. चाचणीत सर्व रकाने भरलेले आदर्श उदाहरण वापरले, किंवा ऐच्छिक रकाने तपासलेच नाहीत, तर हा दोष प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत लपून राहतो.

याचा अर्थ हस्तलिखित आज्ञावली निर्दोष असते असा मुळीच नाही. हाताने लिहिणाऱ्यांची सर्वांत मोठी खोड म्हणजे एक्सएमएलचा संदेश शब्दाला शब्द जोडून तयार करणे. नावात 'अँड'चे चिन्ह आले, म्हणजे 'अमुक अँड सन्स' अशी पेढी चिन्हासह आली, की सगळा संदेशच अवैध ठरतो. नामनिर्देशाचा लघुसंकेत बदलला तरी अर्थ बदलत नाही असे मानक सांगते. हस्तलिखित आज्ञावली मात्र पुष्कळदा विशिष्ट लघुसंकेतच शोधत बसते. यंत्राने काढलेली आज्ञावली अशा चुका सहसा करीत नाही.

मराठी माणसाला जिव्हाळ्याचे उदाहरण द्यायचे तर 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडकर' ही आडनावे घ्यावीत. यातील अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, साधा 'र', नुक्ता आणि हलन्त वेगवेगळे ठेवून, किंवा 'र'च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. एकोस्ट्रिंगच्या चाचणीत जे पाठवले तेच परत येते, म्हणून चाचणी यशस्वी. पण एका खात्यातील 'गोऱ्हे' दुसऱ्या खात्यातील 'गोऱ्हे'शी ताडून पाहायची वेळ आली, की संगणक सांगतो, ही व्यक्ती आढळली नाही. शिवाय यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नमुन्यात 'कमाल ५० अक्षरे' लिहिले असेल आणि साठवणाऱ्या प्रणालीने ते ५० बाइट असे वाचले, तर रोमन लिपीतील नाव पूर्ण राहते आणि देवनागरीतील नाव मध्येच तुटते. हा दोष हस्तलिखित आज्ञावलीत असू शकतो तसाच यंत्रनिर्मित आज्ञावलीतही. दोन्ही टोके एकाच पद्धतीने चुकत असतील तर चाचणीला तो दिसणारही नाही.

येथे मुख्य तत्त्वाशी आपण येतो. जुन्या ग्रंथांची पाठचिकित्सा करणारे संपादक पोथ्यांची केवळ संख्या मोजत नाहीत. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्यांत एक पाठ सारखा असला, तर तो साक्षीदार एकच. वेगवेगळ्या परंपरांतील दोन पोथ्या जुळल्या, तर त्या साक्षीला मोल. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने हेच तत्त्व ऑक्टोबर १९९६च्या आपल्या कार्यपद्धतीत शब्दबद्ध केले होते. मानकाला दुसऱ्या पायरीवर चढायचे असेल तर किमान दोन स्वतंत्र आणि परस्परांशी व्यवहार करणाऱ्या अंमलबजावण्या हव्यात, आणि त्या भिन्न मूळ आज्ञावलींतून उभ्या राहिलेल्या हव्यात, अशी ती अट होती. २०११ मध्ये पायऱ्यांची संख्या तीनवरून दोन झाली, पण स्वतंत्र अंमलबजावण्यांची अट टिकली. एकाच जनरेटरने दोन्ही टोकांची आज्ञावली काढली असेल, तर या कसोटीवर ती दोन टोके एकच गणली जातील.

मग वाद सुटला कसा? फेब्रुवारी २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी 'डब्ल्यूएस-आय' ही संघटना स्थापन केली. ती राजकारणापासून मुक्त नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सचे नाव आरंभीच्या संस्थापकांत नव्हते. पण तिचे काम मोलाचे ठरले. तिची 'बेसिक प्रोफाइल १.०' ही नियमावली २००३ मध्ये संमत झाली. तिने नवे मानक निर्माण केले नाही. जुन्या मानकांतील संदिग्ध जागा शोधून तेथे एकच अर्थ पक्का केला, आणि प्रत्येक नियमाला क्रमांक दिला. ज्या 'एन्कोडेड' पद्धतीमुळे सर्वाधिक भांडणे झाली होती, ती नियम २७०६ अन्वये बाद करून तेथे 'लिटरल' पद्धत अनिवार्य केली. एका अर्थी हे सविस्तर स्पष्टीकरणात्मक परिपत्रकच होते.

त्याहून महत्त्वाची होती तिची चाचणीची अवजारे. एक 'मॉनिटर', जो दोन प्रणालींच्या मध्ये बसून येणारे-जाणारे संदेश टिपून ठेवतो. आणि दुसरा 'अ‍ॅनलायझर', जो टिपलेले संदेश आणि सेवेचा नमुना क्रमांकित नियमांशी ताडून पाहतो. आज्ञावली यंत्राने काढली की हाताने लिहिली, हे त्यांना ठाऊक नसते आणि विचारण्याचे कारणही नसते. तारेवरून प्रत्यक्ष काय गेले, एवढेच ते पाहतात. परीक्षेचा विषय आज्ञावली नव्हे, संदेश होय, हे एकदा मान्य केले की हस्तलिखित विरुद्ध यंत्रनिर्मित या वादातील बराचसा ताप उतरतो. जनरेटर सोयीसाठी वापरावा. प्रमाण मात्र लिखित नियम आणि तारेवरचा मजकूर.

आपल्या देशात या प्रश्नाला व्यापक संदर्भ आला तो मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेला मंजुरी मिळाल्यावर. विविध खात्यांच्या प्रणाली एका मध्यवर्ती दारातून एकमेकींशी बोलाव्यात, यासाठी सी-डॅकने उभारलेले राष्ट्रीय सेवा वितरण गेटवे २००८ मध्ये सुरू झाले, आणि त्यासाठी संदेशांचे तपशील लिखित स्वरूपात निश्चित करण्यात आले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण अधिसूचित केले. मानकाचा दस्तऐवज उपलब्ध असावा, ते विशिष्ट तंत्रज्ञानाशी बांधलेले नसावे आणि जेथे लागू असेल तेथे सर्व अधिकृत भारतीय भाषांना आधार देण्याची क्षमता त्यात असावी, ही त्यातील सूत्रे होत. धोरण उत्तम आहे. परंतु धोरणाची खरी कसोटी चाचणीच्या नियमांत लागते. मानक खुले असून चाचणी एकाच पुरवठादाराच्या तयार जोडणी-संचाने घेतली, तर दार उघडे ठेवून उंबऱ्यावर पहारेकरी बसवल्यासारखे होते.

याचे अर्थकारण सरळ आहे. दस्तऐवजातील संदिग्धता चाचणीत दिसली नाही म्हणून नाहीशी होत नाही. तिचा खर्च फक्त पुढे ढकलला जातो आणि शेवटी येणाऱ्याच्या माथी बसतो. पहिला पुरवठादार आपल्याच अवजाराने दोन्ही टोके बांधतो. त्याला खर्च शून्य. पाच वर्षांनी नवा पुरवठादार येतो, किंवा एखादे छोटे राज्य, एखादी जिल्हा बँक, एखादे ग्रंथालय स्वतःच्या बळावर जोडणी करू पाहते, तेव्हा त्याला नियमपुस्तिकेत नसलेले प्रघात एकेक करून शोधावे लागतात. निविदा कागदोपत्री सर्वांना खुली असते. प्रत्यक्षात स्पर्धा आधीच संपलेली असते. चांगला चाचणी-संच ही म्हणूनच सार्वजनिक वस्तू आहे. ती कोणी एक पुरवठादार स्वखर्चाने निर्माण करणार नाही. ती शासनानेच निर्माण करून खुली करावयास हवी.

त्या दृष्टीने दोन खात्यांची प्रणाली जोडली जात असताना अधिकाऱ्याने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते. पहिली, दोन्ही टोकांशी संबंध नसलेल्या एखाद्या तिसऱ्याने केवळ प्रसिद्ध दस्तऐवज वाचून, तयार संच न वापरता, एक छोटी प्रणाली लिहून दाखवावी. त्याला जेथे प्रश्न विचारावा लागेल तेथे दस्तऐवज दुरुस्त व्हावा. दुसरी, चाचणीचा पुरावा म्हणून हिरव्या खुणांचा तक्ता न घेता प्रत्यक्ष संदेश जतन करावेत आणि ते नियमांशी ताडावेत. तिसरी, चाचणीच्या नमुन्यांत रिकामे रकाने, नसलेल्या तारखा, लांब नावे आणि 'गोऱ्हे' असावेत. यापैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. चाचणीचा दिवस उद्घाटनाच्या दिवसापासून थोडा दूर ठेवावा लागतो, इतकेच.

सोपचा जमाना आता मागे पडला आहे. नव्या सेवा बहुतांशी जेसन या हलक्या साच्यात बोलतात, आणि ओपन एपीआय या वर्णनपद्धतीतून त्यांची आज्ञावली पुन्हा यंत्रेच काढून देतात. त्यापुढे जाऊन आता भाषा-प्रारूपे थेट आज्ञावली लिहू लागली आहेत. दोन्ही टोकांची आज्ञावली आणि तिची चाचणीही एकाच प्रारूपाने लिहिली, तर साक्षीदार किती, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने विचारावा लागेल. अवजार जितके कुशल होत जाईल, तितका लिखित करार कमी वाचला जाईल, आणि न वाचलेल्या करारातील उणिवा नेमक्या त्या नागरिकाच्या वाट्याला येतील ज्याचे नाव यादीत आढळत नाही. 'चाचणी यशस्वी' या शेऱ्याखाली सही करण्यापूर्वी, ती कोणाकोणाच्या साक्षीने यशस्वी झाली, एवढे विचारणे हे सही करणाऱ्याचे कर्तव्य आहे.